नाइन एच आणि एक ओरखडा

परवा मोबाइलला स्क्रीनगार्ड लावायला गेले. दुकानातल्या पोराने कटरचं पातं काचेवर खर्रकन ओढलं आणि म्हणाला, "बघा ताई, नाइन एच. हिऱ्याच्या खालोखाल!"

मला हसू आलं. तो नऊ हिऱ्याच्या पट्टीतला नाहीच, तो पेन्सिलीचा आहे. चित्रकलेच्या तासाला आपण एचबी, टूबी म्हणायचो, त्याच रांगेच्या कडक टोकाला नाइन एच येते. थरावर पेन्सिली एकेक करून ढकलायच्या. जिचा ओरखडा उठत नाही अशी सर्वांत कडक पेन्सिल कोणती, ते त्या थराचं माप. मुळात ही चाचणी रंग-वार्निशवाल्यांची.

हिऱ्याची पट्टी फ्रीडरिश मोसची, १८१२ची. शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत दहा खनिजं, प्रत्येक आपल्या खालच्यावर ओरखडा काढतं. पण ही नुसती रांग आहे. नववा कुरुंद आणि दहावा हिरा यांच्यात एका पायरीचं अंतर दिसतं, प्रत्यक्षात हिरा कुरुंदाच्या कितीतरी पट कठीण. कारखानदारांना रांग नको होती, आकडा हवा होता. तो १९०० साली स्वीडनच्या ब्रिनेलने दिला: कडक गोळा धातूत दाबा, खळगा मोजा, भाराला खळग्याच्या क्षेत्रफळाने भागा. पुढे गोळ्याच्या जागी हिऱ्याचा पिरॅमिड आला आणि ओरखडा मागे पडला.

एमएस्सीला मीही दाबतच होते. काचेवर टायटॅनियम ऑक्साइडचा थर, जाडी १०० नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर, त्यावरून अंदाज करा. आकडे सुरेख येत होते, दर वेळी जवळपास तेच. दोन महिने मी खूश. मग सरांनी एकच विचारलं, "सुई किती आत जातेय?" ९० नॅनोमीटर. म्हणजे मी गादीवरची चादर दाबून चादरीचा कठीणपणा सांगत होते. माझे सुरेख आकडे बरेचसे खालच्या काचेचे होते! थराच्या एक दशांशापेक्षा खोल जायचं नाही, हा या धंद्यातला जुना दंडक. माझ्यासाठी तो १० नॅनोमीटर होता, आणि आमच्या सुईचं टोकच त्याहून कितीतरी बोथट.

१९८३मध्ये पेथिका, हचिंग्ज आणि ऑलिव्हर यांनी २० नॅनोमीटर खोलीपर्यंत कठीणपणा मोजून दाखवला होता. पण हार्डडिस्कवरचा कार्बनचा थरच काही नॅनोमीटरचा असतो. त्याचा दशांश म्हणजे अणूंच्या दोन-तीन रांगासुद्धा नाहीत. तिथे काय दाबणार?

म्हणून पुन्हा ओरखडा. १९५०च्या सुमारास हेवन्स काचेवरचे धातूचे थर टोकदार सुईने खरवडत होता. १९६०मध्ये बेंजामिन आणि वीव्हरने त्यामागचं गणित मांडलं. त्यांचा प्रश्न कठीणपणाचा नव्हता, थर काचेला किती घट्ट धरून आहे याचा होता. आजचं यंत्र तेच करतं, फक्त फार हलक्या हाताने. सुई आधी जवळजवळ भाराविना पृष्ठभागावरून फिरते आणि चढउतार नोंदवते. मग भार वाढवत रेघ ओढते. मग पुन्हा हलकेच त्याच रेघेवरून जाऊन किती खोल राहिलं ते बघते. भार आणि रेघेची रुंदी यांवरून काठिण्य निघतं, आणि थर कुठे सुटला तेही कळतं. शेजारी ओळखीच्या क्वार्ट्झ काचेवर, जिचं काठिण्य सुमारे ९ गिगापास्कल आहे, तशीच रेघ ओढून ताडून पाहायचं. सोनारही कसोटीवर शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढतो. तो रंग वाचतो, आम्ही रुंदी. 'निकष' हा शब्द त्याच्या दगडाचा आहे, हे मला तेव्हा कुठे लक्षात आलं.

ओरखड्यात कठीणपणा, घर्षण, पकड सगळं एकत्र येतं आणि आकडा स्वच्छ राहत नाही, ही तक्रार खरी आहे. पण माझा थर कठीणपणात हरलाच नाही. तो एका ठरावीक भाराला काचेवरून खपलीसारखा निघाला. दाबून हे मला कधीच कळलं नसतं. प्रबंधातली दोन महिन्यांची पानं मी काढून टाकली.

दुकानात मात्र पोराला एवढंच म्हटलं, "अरे, पातं पोलादाचं. काच त्याला दाद देत नाही. वाळू घासून दाखव. आणि काचेवर बोटांचे डाग न धरणारा थर असतो ना, काही नॅनोमीटरचा, तो किती दिवस टिकतो?"

त्याने पातं खिशात टाकलं. "ताई, दीडशेचं शंभरला घ्या."

घेतलं.