संगणक-साहाय्यित आरेखन

यंत्रभाग, इमारत, पूल, रस्ता, पाइपलाइन किंवा विद्युत जोडणी यांचे मापांसह रेखाचित्र संगणकावर तयार करणे, त्यात बदल करणे, ते जपून ठेवणे आणि कागदावर किंवा थेट यंत्राकडे पाठवणे, या कामाची पद्धत. कारखान्यात, साइटवर आणि आर्किटेक्टच्या ऑफिसात तिला सर्रास 'कॅड' म्हणतात आणि तयार होणाऱ्या चित्राला 'ड्रॉइंग'. येथे मुख्यतः द्विमितीय आरेखनाचा विचार केला आहे.

अभियांत्रिकी ड्रॉइंग दिसायला चित्र असले, तरी त्याचे काम लेखी कराराचे असते. वस्तू कल्पणारा आणि ती घडवणारा सहसा एका छताखाली नसतात. चाकणच्या डिझाइन विभागात ठरलेला भाग कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतला जातो आणि भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये त्याचे मशीनिंग होते. या तिन्ही ठिकाणची माणसे एकमेकांना भेटलेलीही नसतात. ड्रॉइंगवर जे लिहिले आहे तेच बनते; जे लिहायचे राहिले ते घडवणाऱ्याच्या अंदाजावर जाते. सॉफ्टवेअरने रेघ काढण्याचे कष्ट जवळपास संपवले, पण काय सांगायचे हे ठरवण्याचे कष्ट तसूभरही कमी केले नाहीत. कॅडचे गुण आणि त्यातले धोके दोन्ही इथूनच सुरू होतात.

पूर्वीची पद्धत : १९८०च्या दशकापर्यंत आपल्याकडच्या बहुतेक ड्रॉइंग ऑफिसांत बोर्ड, टी-स्क्वेअर किंवा ड्राफ्टर, गुण्या, कंपास आणि फ्रेंच कर्व्ह यांवर काम चाले. आरेखक पेन्सिलीने ड्रॉइंग काढी, त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून अनुरेखक ते शाईने उतरवी आणि ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट निघत. महाराष्ट्र शासनाच्या बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांतली आरेखक व अनुरेखक ही पदे याच कामाच्या वाटणीतली. शाईची रेघ चुकली, तर ती ब्लेडने हलक्या हाताने खरवडावी लागे आणि एकच जागा दोन-तीनदा खरवडली की कागद विरायचा. बदल इतका महाग असल्यामुळे रेघ ओढण्याआधी विचार होई. ड्रॉइंगची शिस्तही याच काळात पक्की झाली : जाड अखंड रेघ म्हणजे दिसणारी कड, तुटक रेघ म्हणजे लपलेली कड, एक लांब-एक आखूड अशी बारीक रेघ म्हणजे मध्यरेषा. भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४६ या १९८८च्या पुस्तिकेत हे संकेत शाळा-महाविद्यालयांसाठी एकत्र मांडलेले आहेत. कॅडने ही लिपी बदलली नाही, जशीच्या तशी उचलली.

इतिहास : १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इव्हान सदरलंड यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' ही प्रणाली तयार केली. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत, पण तिचे खरे मोठेपण त्याच्या पुढचे होते. 'या दोन रेषा समांतर राहाव्यात', 'या बाजू सारख्या असाव्यात' अशी बंधने आकृतीवर घालता येत. एकच मूळ आकृती काढून तिच्या अनेक प्रती वापरता येत आणि मूळ बदलले की सगळ्या प्रती आपोआप बदलत. आज आपण ज्यांना ब्लॉक आणि पॅरामेट्रिक बंधने म्हणतो, ती दोन्ही सदरलंड यांनी साठ वर्षांपूर्वी करून दाखवली होती.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये मोटारीच्या वळणदार पत्र्याचे गणित उभे राहत होते. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तेच वक्र शोधले. कास्तेल्जो यांचे काम कंपनीने गुपित ठेवल्यामुळे वक्रांना नाव बेझिए यांचे मिळाले.

हे सारे मोठ्या संगणकांवर चाले आणि विमान-मोटार कंपन्यांनाच परवडे. १९८२ साली जॉन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटोडेस्क ही कंपनी काढली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आणले. माइक रिडल यांच्या 'इंटरॅक्ट' या प्रोग्रॅमवर ते आधारलेले होते आणि टेबलावरच्या साध्या संगणकावर चालत होते. छोट्या ऑफिसांपर्यंत कॅड पोहोचले ते यामुळे. १९८६मध्ये ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प ही भाषा आली आणि वापरणाऱ्याला स्वतःच्या कमांड लिहिता येऊ लागल्या. पुढे प्रो/इंजिनिअर आणि १९९५ साली आलेले सॉलिडवर्क्स यांनी आधी त्रिमितीय मॉडेल आणि मग त्यातून ड्रॉइंग, हा उलटा क्रम यंत्र-अभियांत्रिकीत रुळवला. १९९४मध्ये पहिले उड्डाण केलेले बोइंग ७७७ हे संपूर्णपणे संगणकावर, कॅटिया या सॉफ्टवेअरमध्ये, आरेखित झालेले पहिले प्रवासी विमान मानले जाते.

काम कसे चालते : कॅडमधली रेघ ही ठिपक्यांची रांग नसते. फाइलमध्ये तिच्या दोन टोकांचे निर्देशांक असतात. वर्तुळ म्हणजे केंद्रबिंदू आणि त्रिज्या. म्हणून झूम कितीही केले तरी कड फाटत नाही, आणि वस्तू खऱ्या मापात काढता येते : ३० मीटरची भिंत मिलिमीटरच्या फाइलमध्ये ३०,००० लांबीचीच असते.

८० मिमी पाइपचा एक फ्लँज घेऊ. बाहेरचा व्यास २००, भोकांच्या पिच सर्कलचा व्यास १६०, १८ मिमीची आठ भोके, मधले भोक ९०. मध्यरेषांच्या लेयरवर (ड्रॉइंगच्या वेगळ्या थरावर) दोन काटकोनी रेषा टाकायच्या, त्यांच्या छेदबिंदूवर स्नॅप (नेमका बिंदू पकडण्याची सोय) धरून १००, ८० आणि ४५ त्रिज्यांची वर्तुळे काढायची. पिच सर्कलच्या माथ्यावर ९ त्रिज्येचे एक भोक काढून पोलर अ‍ॅरे या, वर्तुळावर सारख्या अंतराने प्रती मांडणाऱ्या, कमांडने त्याची आठ करायची. सरावलेल्या हाताला याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

पण या चित्रावरून फ्लँज बनत नाही. जाडी कळायला छेददृश्य लागते. मटेरियल कोणते, भोके आरपार की आटे पाडलेली, कुठल्या बाजूचे मशीनिंग करायचे, पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा, हे सांगावे लागते. शिवाय वर काढलेले पहिले भोक चुकीच्या जागी आहे. पाइपिंगमध्ये बोल्टची भोके उभ्या आणि आडव्या मध्यरेषांवर न ठेवता त्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवण्याची रीत आहे, म्हणजे आठ भोकांचा संच साडेबावीस अंशांनी फिरवायला हवा. फ्लँज तसाच पाइपला वेल्ड झाला, तर समोरच्या व्हॉल्व्हची भोके त्याच्याशी जुळत नाहीत. सॉफ्टवेअर याबद्दल काहीही बोलत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही ड्रॉइंग सारखीच अचूक असतात.

अचूकतेचा हा गैरसमज मापांतही होतो. पडद्यावर ४० म्हणजे दशांशचिन्हापुढे कितीही शून्ये असलेले ४०. लेथवर असे ४० निघत नाही. म्हणून बेअरिंगच्या भोकाला ४० एच७ आणि त्यात फिरणाऱ्या शाफ्टला ४० जी६ असे लिहिले जाते. पहिल्याचा अर्थ भोक ४०.००० ते ४०.०२५ मिमीच्या आत, दुसऱ्याचा अर्थ शाफ्ट ३९.९७५ ते ३९.९९१च्या आत. दोघांत कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ५० मायक्रॉन जागा राहते आणि शाफ्ट मोकळा फिरतो. मापातली ही मान्य तफावत म्हणजे टॉलरन्स; तो न लिहिलेले ड्रॉइंग वर्कशॉपच्या दृष्टीने अर्धवट असते. आणि घाबरून सगळ्याच मापांना कडक टॉलरन्स लिहिला, तर भाग विनाकारण कित्येक पट महाग होतो. नवशिक्यांच्या ड्रॉइंगमध्ये ही दोन्ही टोके नेहमी दिसतात.

सगळ्यात वाईट सवय मापावर हाताने आकडा टाइप करण्याची. डायमेन्शन भूमितीशी जोडलेले असते. भिंत सरकवली की आकडा बदलतो. घाईत कुणी भिंत न हलवता ३००० पुसून ३१०० लिहितो, प्रिंट बरोबर निघते आणि फाइल खोटी होते. पुढे त्याच फाइलवरून लेझर कटिंगचा प्रोग्रॅम निघाला, तर मशीन आकडा वाचत नाही, रेघ वाचते.

लेयर आणि नगररचना : लेयर म्हणजे एकाच ड्रॉइंगमधली माहितीची वेगवेगळी पाने : भिंती, खिडक्या, वायरिंग, मापे. हवे ते दाखवता, नको ते झाकता येते. याचे महत्त्व महाराष्ट्रातल्या बांधकाम परवानग्यांत फार ठळक दिसते. पुण्यातील सॉफ्टटेक इंजिनिअर्स या कंपनीने बनवलेली ऑटोडीसीआर ही प्रणाली पुणे महापालिकेसह अनेक ठिकाणी वापरात आली. तिच्यात नकाशा नुसता नीट दिसून चालत नाही. प्लॉटची हद्द, इमारतीची बाह्यरेषा, मजल्यांचे क्षेत्र हे सारे ठरलेल्या नावाच्या लेयरवर बंद पॉलिलाइनने, म्हणजे सलग जोडलेल्या रेषांच्या एकाच आकृतीने, काढावे लागते. मग प्रणाली स्वतः क्षेत्रफळ, चटई क्षेत्र निर्देशांक आणि सामासिक अंतरे मोजून नियमांशी ताडते. डोळ्याला जुळलेली दिसणारी दोन टोके प्रत्यक्षात केसभर लांब असतील, तर पॉलिलाइन बंद होत नाही आणि क्षेत्र मोजलेच जात नाही. नकाशा माणसाने डोळ्यांनी वाचायचा असे, तेव्हा ही चूक खपून जाई.

कागद आणि स्केल : ए० कागद ८४१ × ११८९ मिमीचा, आणि तो निम्म्यात दुमडत गेले की ए१, ए२, ए३, ए४. खऱ्या मापातले ड्रॉइंग या कागदावर बसवण्यासाठी लेआउटमध्ये व्ह्यूपोर्ट नावाची खिडकी उघडून तिला १:१०० किंवा १:५० स्केल देतात. ही सोय रुळण्याआधी अक्षरांचा हिशेब ड्राफ्ट्समनला स्वतः करावा लागे : कागदावर अक्षर अडीच मिमी हवे आणि स्केल १:१००, तर फाइलमध्ये ते २५० मिमी उंच. मराठी मजकुराची निराळी अडचण म्हणजे जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली शीर्षके दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो.

प्रक्षेपणाचे चिन्हही शीर्षकचौकटीत असलेच पाहिजे. भारतात प्रथमकोन पद्धत चालते, अमेरिकेत तृतीयकोन. पहिल्या पद्धतीत वरून पाहिलेले दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते, दुसऱ्या पद्धतीत वर. अमेरिकी ग्राहकाचे ड्रॉइंग आपल्या सवयीने वाचले, तर उजव्या हाताचा भाग डाव्या हाताचा बनतो. त्याच चौकटीतला रिव्हिजन क्रमांक त्याहून महत्त्वाचा. फाइल बदलायला क्षण पुरतो, पण मशीनजवळ चिकटवलेला जुना प्रिंट आपोआप बदलत नाही. म्हणून शिस्तीच्या कारखान्यांत नवे रिव्हिजन देताना जुना प्रिंट परत घेतल्याशिवाय काम सुरू होत नाही.

फाइलींची देवाणघेवाण : ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल आणि इतरांना वाचता यावी म्हणून काढलेली डीएक्सएफ, या दोन स्वरूपांत जगातली असंख्य ड्रॉइंग आहेत. त्रिमितीय मॉडेलसाठी स्टेप हे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात. रूपांतरात काहीतरी गळतेच, आणि ते किती महाग पडू शकते हे एअरबस ए३८०ने दाखवले. जर्मनीतला गट कॅटियाच्या जुन्या चौथ्या पिढीवर आणि फ्रान्समधला नव्या पाचव्या पिढीवर काम करत होता. सुमारे ५०० किमी वायरिंग असलेल्या या विमानात हॅम्बुर्गहून आलेल्या केबलच्या जुड्या तुलूझला बसवताना आखूड पडू लागल्या. डिझाइनमधले बदल दोन्हीकडे सारखे पोहोचत नव्हते. २००६मध्ये हे उघड झाले, वेळापत्रक सुमारे दोन वर्षे घसरले आणि पहिले विमान ऑक्टोबर २००७मध्ये सिंगापूर एअरलाइन्सला मिळाले. एका विशाल कंपनीत घडले म्हणून त्याची बातमी झाली. वेगवेगळ्या आवृत्त्यांमुळे अडलेली छोटी कामे रोजची आहेत.

सॉफ्टवेअर आणि शिक्षण : ऑटोडेस्कने २०१६मध्ये कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवून फक्त वर्गणी ठेवली. तेव्हापासून लहान ऑफिसे डीडब्ल्यूजी वाचणाऱ्या ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड अशा पर्यायांकडे पाहू लागली. लिबरकॅड आणि फ्रीकॅड ही मुक्त सॉफ्टवेअरे शिकण्यासाठी उत्तम आहेत आणि विद्यार्थ्यांनी चोरीच्या प्रतींऐवजी तीच वापरावीत. इमारतींच्या कामात रेव्हिटसारखी सॉफ्टवेअरे भिंतीला नुसत्या दोन रेघा न मानता जाडी, साहित्य आणि उंची असलेली वस्तू मानतात. तिथे प्लॅन, सेक्शन आणि वस्तूंची यादी एकाच मॉडेलमधून निघते. सॉफ्टवेअर घडवण्यातही इथला सहभाग आहे : गोदरेज समूहातून उभी राहिलेली मुंबईची जिओमेट्रिक ही कंपनी कॅमवर्क्स या मशीनिंगच्या सॉफ्टवेअरसाठी ओळखली गेली आणि पुढे एचसीएलमध्ये गेली.

आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन मेकॅनिकल आणि ड्राफ्ट्समन सिव्हिल हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. त्यांत हाताने प्रक्षेपणे काढणे आधी आणि कॅड नंतर, हा क्रम योग्यच आहे. कॅडच्या कमांड काही आठवड्यांत येतात. छेद कुठून घ्यावा म्हणजे आतली रचना एका दृश्यात कळेल, कोणते माप कोणत्या कडेपासून द्यावे म्हणजे कारागिराला ते मोजता येईल, हे यायला वर्कशॉपमध्ये उभे राहावे लागते. भरती करताना अनुभवी डिझाइन प्रमुख उमेदवाराला एखादा मशीन केलेला भाग आणि व्हर्निअर हातात देतात, आणि संगणक सुरू करण्याआधी कागदावर त्याची दृश्ये हाताने काढायला सांगतात.