तेलाच्या गाळणीचा इतिहास

मोटारीचे ऑइल घरीच बदलणाऱ्या हौशी माणसाला कधीकधी एक विचित्र अनुभव येतो. जुना फिल्टर काढला, नवा बसवला, ऑइल भरले, इंजिन सुरू केले आणि क्षणार्धात गाडीखाली तेलाचे थारोळे! नवा फिल्टरच सदोष असावा, असे त्याला वाटते. पुष्कळदा दोष वेगळाच असतो. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिलेले असते आणि त्याच्यावरच नवे कडे बसते. असा दुहेरी सांधा पंपाच्या दाबापुढे टिकत नाही. हे घडते कसे, ते या गाळणीच्या इतिहासातून समजते.

१९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत तेलाचा पंपही नव्हता आणि फिल्टरही नव्हता. फिरत्या चक्रामुळे उडणारे तेल इंजिनाच्या भागांवर पडे. काजळी, धूळ आणि धातूचा कीस त्या तेलातच फिरत राही. त्यामुळे तेल वारंवार बदलावे लागे.

१९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी मोटारीसाठी तेलाचा फिल्टर तयार केला. 'प्युअर ऑइल लेटर' या शब्दांवरून त्याला 'प्युरोलेटर' हे नाव मिळाले. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत फिल्टर कारखान्यातूनच बसवलेला असे.

मात्र सुरुवातीच्या या फिल्टरांतून सगळे तेल जात नसे. पंपातून निघालेल्या तेलाचा थोडासा भाग फिल्टरमधून जाऊन तळाच्या चेंबरमध्ये परते. बाकीचे तेल न गाळताच बेअरिंगांकडे जाई. असे का? चहाची गाळणी चोथ्याने भरली की चहा खाली उतरत नाही. इंजिनात तसे झाले, तर बेअरिंगे कोरडी पडतील. विजेच्या भाषेत सांगायचे, तर गाळणी समांतर जोडणीत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर 'फुल फ्लो' पद्धत रूढ झाली. म्हणजे एकसर जोडणी: सगळे तेल आधी गाळणीतून, मग बेअरिंगांकडे. गाळणी तुंबण्याच्या भीतीवर झडपेचा उपाय निघाला. गाळणीच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. घाण तेल एक वेळ चालेल, पण कोरडे बेअरिंग चालणार नाही, हे तत्त्व मात्र कायम राहिले.

पूर्वी फिल्टरचे भांडे उघडून आतील भाग बदलावा लागे. १९५० च्या दशकात आट्यांवर फिरवून बसवायचा, वापरून टाकून द्यायचा डबा आला. काम सोपे झाले, पण एक नवी चूक शक्य झाली. कडे डब्याबरोबरच निघून येईल, असे आपण गृहीत धरतो. उष्णतेने चिकटलेले कडे मागेच राहिले, तर मुख्य प्रवाहालाच भगदाड पडते. पंप इंजिनातील तेल पाहता पाहता जमिनीवर ओततो, आणि इंजिन चालूच ठेवले तर ते जाम होऊ शकते.

म्हणून गळती दिसताच इंजिन बंद करावे. फिल्टर काढून बैठक पुसावी, जुने कडे असल्यास काढावे, नव्या कड्याला तेलाचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा. ऑइलची पातळी पाहून मगच इंजिन पुन्हा सुरू करावे.

शिक्षकांनी गॅरेजमधून एखादा निथळलेला, कापलेला फिल्टर मागून आणावा आणि हातमोजे घालून वर्गात दाखवावा. घड्यांचा कागद, झडप आणि कडे यांपैकी प्रत्येक भाग कोणत्या अडचणीवरचा उपाय आहे, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.