पाकिटावरील रेघा आणि ज्वारीची भाकरी

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मंद्रूप हें गांव लागतें. भोंवतालच्या काळ्या रानांत रब्बीची ज्वारी पिकते आणि घरोघरीं भाकरी होते. किराणा दुकानांत आज बिस्किटांचीं पाकिटेंहि मिळतात. पाकिटावरील रेघांवर मोबाइल धरला कीं आहाराची नोंद ठेवणाऱ्या ॲपमध्यें उष्मांक, साखर व प्रथिनें यांचे आंकडे क्षणांत उतरतात. भाकरीवर असें चिन्ह नसतें. मग मधुमेहासारख्या विकारामुळें ज्याला आहाराचा चोख हिशेब ठेवणें प्राप्त आहे, त्यानें या रेघांवर कितपत भिस्त ठेवावी?

या प्रश्नाचें उत्तर रेघांच्या इतिहासांत आहे. २६ जून १९७४ रोजीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानांतल्या ट्रॉय गांवीं च्युइंगगमचें एक पाकीट अशा रेघांवरून प्रथम विकलें गेलें. किंमत चुकूं नये आणि गल्ल्यापुढील रांग लवकर सरावी, एवढाच तींत हेतु होता. ठिपक्यांचा चौकोनी क्यूआर कोड १९९४ सालीं जपानांत निघाला, तो मोटारींच्या सुट्या भागांसाठीं. आहाराचा विचार दोहोंच्याहि जन्मकाळीं नव्हता. बिस्किटाच्या रेघांत उष्मांक नसतात. असतो केवळ एक क्रमांक, म्हणजे वस्तूचें नांव. पोषणाचे आंकडे अन्यत्र सांठविलेले असतात. फ्रान्समध्यें २०१२ सालीं सुरू झालेल्या 'ओपन फूड फॅक्ट्स'सारख्या कोठारांत तर पुष्कळसे आंकडे सामान्य ग्राहकच पाकिटावरून उतरून घालतात. उतरतांना चूक झाली, किंवा कारखानदारानें घटक बदलले, तर क्रमांक बरोबर आणि आंकडा चुकीचा, असा प्रकार घडतो.

आहाराचें माप चुकलें तर काय होतें, याचा अनुभव या प्रांतास जुना आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानें सोलापूर जिल्हा होरपळला. त्या वेळीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असें माप सुचविलें. तेवढ्यावर कष्टकरी शरीर टिकणार नाहीं, असा आक्षेप मद्रासचे डॉ. कॉर्निश यांनीं घेतला. कागदावरचा आंकडा आणि शरीराची गरज यांतील अंतर तेथें माणसांना भोगावें लागलें.

पुढें कुन्नूरच्या प्रयोगशाळेंतून डॉ. आयक्रॉइड यांनीं १९३७ सालीं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. ती संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली, आणि २०१७ सालीं तिनें ५२८ पदार्थांचीं नवीं कोष्टकें काढलीं. जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम ज्वारीस ३४९ किलोकॅलरी होत्या. नव्यांत सुमारे ३३४ आहेत. धान्य तेंच, परंतु त्यांतील तंतुमय भाग स्वतंत्रपणें मोजण्याची रीत आली.

म्हणून मंद्रूपच्या भाकरीस रेघांची गरज नाहीं, तराजूची आहे. वजन मात्र पिठाचें करावें, भाकरीचें नव्हे, कारण भाकरींत पाणी मुरलेलें असतें. ६० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे सुमारे २०० किलोकॅलरी. बिस्किटांच्या बाबतींतहि मोबाइलवरील आंकडा पाकिटावरील छापील तक्त्याशीं ताडून पाहावा, आणि बिस्किटें किती खाल्लीं तें स्वतः मोजावें. कारण तेवढी गोष्ट रेघांना कधींच कळत नाहीं.