सकलातवाला पलटणीतला नागपूरकर

पगाराची ओढ नाही, पेन्शनची आशा नाही, राजाचा हुकूम तर नाहीच, उलट राजाच्या कायद्याची मनाई; अशा स्थितीत उभी राहिलेली पलटण इतिहासात क्वचितच आढळते. १९३६ ते १९३९ या काळात स्पेनमध्ये जे यादवी युद्ध झाले, त्यात लढलेली इंग्लंडच्या स्वयंसेवकांची पायदळ पलटण ही अशी होती. तिची हकीकत आपण मुद्दाम वाचावी याला कारण आहे. या पलटणीला मुंबईत जन्मलेल्या एका पारशी गृहस्थाचे नाव देण्यात आले होते आणि तिच्या रांगेत नागपूरचा एक मराठी माणूस उभा होता.

जुलै १९३६ मध्ये स्पेनच्या काही सेनापतींनी लोकांनी निवडून दिलेल्या सरकाराविरुद्ध बंड पुकारले. जनरल फ्रँको हा पुढे त्यांचा म्होरक्या झाला. हिटलर आणि मुसोलिनी यांनी त्याला विमाने, तोफा आणि माणसे पुरवली. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी मात्र तटस्थतेचे सोवळे नेसले. सरकारे स्वस्थ बसली तेव्हा माणसे उठली. पन्नासएक देशांतून सुमारे पस्तीस हजार स्वयंसेवक स्पेनमध्ये गेले. त्यांच्या सेनेला आंतरराष्ट्रीय ब्रिगेड म्हणत.

इंग्लंडातून गेलेल्यांत वेल्सचे खाणकामगार होते, ग्लासगोचे गोदी कामगार होते, विद्यार्थी होते, बेकार तरुण होते आणि लँकाशायरचे गिरणी कामगारही होते. भिवंडीसारख्या विणकरांच्या गावाला लँकाशायर हे नाव काही नवे नाही. तिथल्या गिरण्यांच्या कापडाने आपल्या देशातल्या हातमागांचे कंबरडे मोडले. पण त्या गिरण्यांत राबणाऱ्याच्या घरीही सुबत्ता नांदत नव्हती, ही गोष्ट आपल्याला सहसा कोणी सांगत नाही.

जानेवारी १९३७ मध्ये इंग्रज सरकारने १८७० चा जुना कायदा बाहेर काढला आणि स्पेनमध्ये लढायला जाणे हा गुन्हा ठरवला. मग हे लोक शनिवार-रविवारच्या सुटीचे परतीचे तिकीट काढून पॅरिस गाठत, कारण त्याला पासपोर्ट लागत नसे. पुढे फ्रान्सची सरहद्दही बंद झाली. तेव्हा रात्रीच्या अंधारात पिरेनीज पर्वत पायी ओलांडून स्पेनमध्ये उतरावे लागे.

पलटण जमली ती माद्रिगेरास नावाच्या खेड्यात. तिला शापुरजी सकलातवाला यांचे नाव देण्याचे ठरले. सकलातवाला हे जमशेटजी टाटांचे भाचे. १८७४ मध्ये मुंबईत जन्मलेला हा माणूस इंग्लंडात मजुरांचा पुढारी झाला आणि लंडनच्या बॅटरसी भागातल्या मतदारांनी त्यांना दोनदा पार्लमेंटात पाठवले. तिथे ते हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची मागणी बेधडक मांडत. जानेवारी १९३६ मध्ये ते वारले. त्यांचे नाव पलटणीला मिळाले खरे, परंतु रोजच्या बोलण्यात ते रुळले नाही. लोक तिला 'ब्रिटिश बटालियन'च म्हणत राहिले.

या नावावरून एक पेच उभा राहिला. आलेल्यांत आयर्लंडचेही लोक होते. ज्या इंग्रजांनी आपला देश शतकानुशतके दाबून ठेवला, त्यांच्या अंमलदारांखाली कसे लढायचे, असा त्यांचा सवाल. वाद इतका वाढला की मत घेऊन बरेचसे आयरिश अमेरिकनांच्या पलटणीत निघून गेले. काही मात्र मागे राहिले. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे, आणि हिंदी माणसाला तर ते फारच समजण्यासारखे आहे.

पहिली कसोटी १२ फेब्रुवारी १९३७ रोजी हारामा नदीकाठी लागली. माद्रिदहून व्हॅलेन्सियाला जाणारा रस्ता शत्रूच्या हाती पडू द्यायचा नव्हता. सहाशेच्या आसपास माणसे टेकड्यांवर चढली. बहुतेकांनी यापूर्वी लढाई पाहिलेली नव्हती. मशिनगन होत्या, पण त्यांच्यासाठी आलेली काडतुसे भलत्याच जातीची निघाली. पहिल्याच दिवशी निम्म्याहून अधिक माणसे कामी आली किंवा जखमी झाली. दुसऱ्या दिवशी सेनानायक टॉम विंट्रिंगहॅम जखमी झाला आणि मशिनगनची तुकडी शत्रूच्या हाती सापडली. तिसऱ्या दिवशी फळी मोडली, लोक मागे सरू लागले. तेव्हा जॉक कनिंगहॅम हा स्कॉट आणि फ्रँक रायन हा आयरिश, या दोघांनी सुमारे एकशेचाळीस थकलेली माणसे गोळा केली आणि गाणी म्हणत त्यांना पुन्हा टेकडीवर नेले. रस्ता शाबूत राहिला. रायनने आपल्या देशात इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र धरले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या परतीच्या चालीचे मोल कळते.

पुढे जुलैमध्ये ब्रुनेतेला पलटणीतली तीनशे एकतीस माणसे लढाईत उतरली. अखेरीस धड उभी होती ती बेचाळीस.

अशा पलटणीत १९३७ च्या शेवटी शेवटी गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार दाखल झाले. हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. १९३१ च्या बालाघाट प्रकरणात त्यांनी तुरुंगवास भोगला होता. सुटल्यावर ते वृत्तपत्रविद्या शिकायला लंडनला गेले आणि तिथून स्पेनला. त्यांनी नाव घेतले 'जॉन स्मिथ'. इंग्रजांच्या राज्यात शिक्षा भोगलेला मराठी माणूस सर्वांत सामान्य असे इंग्रजी नाव धारण करून, हिंदी माणसाच्या नावाच्या इंग्रज पलटणीत लढतो, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

दिवस वाईट होते. मार्च १९३८ च्या अखेरीस कालासेइते गावाजवळ पलटण इटालियन रणगाड्यांच्या तोंडी सापडली आणि शंभरावर माणसे कैद झाली. फ्रँक रायन त्यांतच होता. एप्रिलमध्ये गांदेसाजवळ हुद्दारही पकडले गेले. दोघांचीही रवानगी बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात झाली. तिथे परदेशी कैदी दाटीवाटीने कोंडले होते. उवा, अर्धपोटी जेवण आणि पहारेकऱ्यांच्या काठ्या हा नित्यक्रम होता. जर्मन पोलिसांनी येऊन कैद्यांच्या कवट्यांची मापेदेखील घेतली. या स्थितीत कैद्यांनी वर्ग चालवले, हाती लिहिलेले वर्तमानपत्र काढले आणि साबणाची बुद्धिबळे कोरली. आयरिश आणि हिंदी माणूस तिथे इंग्रज मजुराबरोबर एकाच फरशीवर झोपत होते. माद्रिगेरासच्या पेचाला वादविवादाने जे उत्तर मिळाले नाही, ते या फरशीवर मिळाले असे मला वाटते. इंग्रजी राज्य एक आणि इंग्रज मजूर दुसरा, हा भेद तिथे कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

१९३८ च्या अखेरीस हुद्दार सुटले आणि मायदेशी परतले. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. त्याच वर्षी जूनमध्ये जवाहरलाल नेहरू स्पेनला जाऊन या ब्रिगेडच्या सैनिकांना भेटून आले होते. स्पेनमध्ये जखमींची सेवा केलेले डॉ. अटल हे त्यानंतर चीनला गेलेल्या हिंदी वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले, आणि त्याच पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते.

उरलेली पलटण जुलैमध्ये एब्रो नदी ओलांडून पुन्हा लढली. सप्टेंबरात स्पेनच्या सरकारने परदेशी स्वयंसेवक परत पाठवण्याचे जाहीर केले आणि २८ ऑक्टोबर १९३८ रोजी बार्सिलोनाच्या लोकांनी ब्रिगेडला फुले उधळून निरोप दिला. ब्रिटन आणि आयर्लंडमधून आलेल्या सुमारे अडीच हजारांपैकी पाचशेहून अधिक स्पेनच्या मातीतच राहिले.

लढा हरला. मार्च १९३९ मध्ये माद्रिद पडले. पण त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, ज्या सरकारने या माणसांना गुन्हेगार ठरवले होते, त्याच सरकारला हिटलरविरुद्ध युद्ध पुकारावे लागले. खाणकामगारांना आणि एका नागपूरकराला जे १९३७ मध्ये दिसले, ते मुत्सद्द्यांना दोन वर्षांनी दिसले. सकलातवालांचे नाव पलटणीला चिकटले नाही, आणि हुद्दारांनी स्वतःचे नाव तिथे घेतलेच नाही. आपण मराठी माणसांनी तरी ही दोन्ही नावे एकमेकांशेजारी लिहून ठेवावीत.