उटण्यात मीठ का नाही?

माझी एक भाची अमेरिकेत असते. हल्ली तिने घरच्या घरी अंगाला चोळायचं मीठ करायला सुरुवात केली आहे. जाडं मीठ, त्यात तेल, थोडा सुगंध आणि वर झाकणाची काचेची बरणी. तिकडे याला सॉल्ट स्क्रब म्हणतात आणि दिवाळीच्या भेटींमध्ये ते खूप खपतं म्हणे. तिने फोनवर विचारलं, "मामा, आपल्याकडे असं काही होतं का रे? लेबलवर लिहायला बरं पडेल. पाच हजार वर्षांची परंपरा वगैरे..."

माझ्या मावशीचं उत्तर तयार होतं: "मीठ काय अंगाला फासायची गोष्ट आहे?" एवढं बोलून तिने विषय संपवला. मला मात्र तो संपवता येईना. आपल्याकडे तेल होतं, चोळणं होतं आणि समुद्राकाठी मिठाच्या राशी होत्या. मग उटण्यात मीठ का नाही? गेले काही आठवडे जमेल तसं वाचतो आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी शब्दापासून. उटणं हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन' वरून आला. हिंदीतलं उबटन त्याचंच भावंड. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत चोळण्याचे निरनिराळे प्रकार आहेत. सुश्रुतसंहितेचा टीकाकार डल्हण त्यांतला फरक नीट सांगतो: तेलातुपाशिवाय कोरडं चूर्ण घासलं तर ते उद्घर्षण आणि स्निग्ध लगदा चोळला तर ते उत्सादन. म्हणजे भाचीच्या बरणीत जे आहे ते उत्सादनाच्या जातीचं म्हणायला हरकत नाही. सुश्रुतात तर विटेने अंग घासण्याचाही उल्लेख आहे, खाज आणि गांध्या जाव्यात म्हणून! आपल्या आज्या टाच घासायला वीट किंवा वज्री वापरत, ते आठवून मला गंमत वाटली. कामसूत्रात नागरकाची दिनचर्या आहे. स्नान रोज, उत्सादन एक दिवसाआड आणि फेनक, म्हणजे फेस येणारं काहीतरी, दर तिसऱ्या दिवशी. आपल्या दख्खनचंच उदाहरण हवं असेल तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजाच्या स्नानाला 'स्नानभोग' असं स्वतंत्र प्रकरण आहे. अंघोळीला भोगांत जागा देणारा राजा मला तरी आवडला.

आता मीठ. आयुर्वेदाला मिठाचं वावडं नाही. सैंधव, सौवर्चल, बिड, सामुद्र, औद्भिद अशी पाच लवणं मोजलेली आहेत. शेकाच्या पुरचुंडीत आणि औषधी तेलांत मीठ येतं. पण ते येतं रोग्याच्या अंगावर, दुखऱ्या सांध्यावर. सणाच्या अंघोळीत नाही. उलट चरकाने पिंपळी, क्षार आणि लवण या तीन गोष्टींचा अतिरेक करू नका असं बजावलं आहे. मीठ फार खाणाऱ्यांचे केस अकाली पिकतात, टक्कल पडतं आणि अंगावर सुरकुत्या येतात, असं तो म्हणतो. (ज्या मिठाने सुरकुत्या येतात म्हणून चरक सांगतो, तेच मीठ आज कांती तजेलदार व्हावी म्हणून बरणीत भरलं जातं. असो.)

मग मीठ चोळायची रीत आली कुठून? ग्रीक-रोमन लोक अंगाला तेल लावत आणि मग धातूच्या वाकड्या पट्टीने तेल, घाम आणि मळ एकदम खरवडून काढत. मिठाबद्दल रोमन लेखक प्लिनीने भरभरून लिहिलं आहे. पुढे 1750 मध्ये रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज डॉक्टरने समुद्राच्या पाण्याच्या उपचारांवर पुस्तक लिहिलं आणि ब्रायटनच्या किनाऱ्यावर रोग्यांची रीघ लागली. ऑस्ट्रियात मिठाच्या खाणींच्या मुलखात एकोणिसाव्या शतकात खारट पाण्याची स्नानगृहं निघाली. आणि आज ज्याला सॉल्ट स्क्रब म्हणतात त्याचा सख्खा आजोबा सापडतो अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात. तिथले प्रमुख डॉक्टर जॉन हार्वी केलॉग, म्हणजे कॉर्नफ्लेक्सवालेच! विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या जलोपचारांवरच्या ग्रंथात 'सॉल्ट ग्लो' नावाचा उपचार आहे. ओलसर जाडं मीठ घेऊन अंग लाल होईपर्यंत चोळायचं आणि मग पाणी ओतायचं. उद्देश सौंदर्य नव्हे, रक्ताभिसरण. त्यात तेल मिसळलं गेलं, सुगंध आला, सुबक बरणी आली, ते सगळं नंतरचं.

तेव्हा भाचीला पहिलं उत्तर हे: पाच हजार वर्षं लिहू नकोस. आजच्या रूपातली ही रीत शंभर-सव्वाशे वर्षांची आहे आणि ती तुझ्याच देशातली आहे.

पण मूळ प्रश्न उरतोच. आपण का नाही वापरलं?

मला वाटतं, पहिलं कारण अगदी व्यवहारी आहे. उटण्याचं काम आणि मिठाचं काम वेगळं आहे. नरकचतुर्दशीला आधी सर्वांगाला तेल चोळतात, मग उटणं लावतात. मसुराचं किंवा हरभऱ्याचं पीठ, मुलतानी माती, नागरमोथा, गवला कचोरा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची साल... यातली पिठं आणि माती तेल शोषून घेतात आणि मळासकट उतरवतात. घरोघरी साबण पोचायच्या आधीचा तो साबणच आहे. मीठ तेल शोषत नाही. ते नुसतं घासतं आणि पाण्यात विरघळून निघून जातं, तेल मागे अंगावर राहतं. म्हणजे उटणं तेल काढण्यासाठी आणि मिठाचा लेप तेल ठेवण्यासाठी. थंड, कोरड्या देशात अंगावर तेल राहिलेलं हवंच असतं. आपल्या बायकांना मात्र ते निघायला हवं होतं, कारण त्या दिवशी नवे कपडे घालायचे असत! शिवाय अंघोळीचं घंगाळ तांब्या-पितळेचं. मीठ आणि तांबं यांचं जमत नाही, हे भांडी घासणाऱ्या कोणालाही विचारावं.

दुसरं कारण मावशीच्या त्या एका वाक्यात आहे. मीठ आपल्याकडे अन्न आहे, आणि अन्नाहूनही थोडं जास्त. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं. मीठ-मोहरीने दृष्ट काढायची असते. सांडलेलं मीठ पायाखाली येऊ द्यायचं नसतं. ते अंगाला चोळून मोरीत सोडणं म्हणजे पोळीने हात पुसण्यासारखं.

हा मान नुसता भावनेचा नव्हता. मीठ हे राजकारण होतं. 1671 साली बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीज मुलखातलं स्वस्त मीठ येऊन कोकणातल्या मिठाचं नुकसान होऊ लागलं. तेव्हा शिवाजी महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून त्या परक्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली. पुढे इंग्रजांनी 1882 च्या कायद्याने मीठ सरकारी मक्त्यात बांधलं. 1923 मध्ये मणामागचा कर सव्वा रुपयावरून थेट अडीच रुपये केला गेला. एका वर्षात तो पुन्हा खाली आला, पण लोक विसरले नाहीत. एप्रिल 1930 मध्ये दांडीला कायदा मोडला गेला आणि मे महिन्यात आपल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. वडाळ्याच्या आगरांवर लोक चालून गेले आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या. तो कर गेला 1947 साली. ज्या मिठाच्या मुठीसाठी डोकी फुटली ते मीठ कांतीसाठी वापरावं, हे त्या पिढीच्या मनात येणं शक्यच नव्हतं. मावशीची आई त्याच पिढीतली.

इथपर्यंत लिहून मी थांबणार होतो. पण त्वचा आणि मीठ असा विषय असेल तर आणखी एका त्वचेबद्दल बोलायलाच हवं.

उरण, पेण, वसई, भाईंदर या पट्ट्यात भरतीचं पाणी आत घेऊन, उन्हात आटवून मीठ पिकवलं जातं. शेत पिकावं तसं मीठ पिकतं, हा शब्द मला फार आवडतो. पावसाळा सरला की बांधबंदिस्ती सुरू होते आणि पुढचा पाऊस येईस्तोवर काम चालतं. वाफ्यातल्या दाट खारट पाण्यात उभं राहून, उन्हात, मीठ ओढायचं. मिठाचा नवा खडा चौकोनी आणि धारदार असतो. पायाला चिरा पडतात आणि त्या चिरांत पुन्हा तेच पाणी. 'जखमेवर मीठ चोळणे' हा आपल्यासाठी वाक्प्रचार आहे, त्यांच्यासाठी कामाचा दिवस. कच्छच्या छोट्या रणातल्या अगरियांबद्दल तर असं सांगतात की त्यांचे तळपाय इतके निबर होतात की चितेवरही लवकर जळत नाहीत. खरं-खोटं करायला मी गेलेलो नाही. पण अशी गोष्ट एखाद्या माणसांबद्दल सांगितली जावी, यातच काय ते आलं.

म्हणजे मीठ अंगाला लावणारे लोक आपल्याकडे होतेच. शेकडो वर्षं होते. फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्याचा लेप झाला नव्हता. परंपरा लिहायचीच असेल तर बरणीवर हे लिहिता येईल का?

भाचीला मी करू नकोस असं मात्र म्हटलं नाही. मीठ आता दुर्मीळ नाही आणि त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. मध्यंतरी चेहरा धुण्याच्या साबणांत प्लॅस्टिकचे बारीक मणी घालत. ते थेट समुद्रात जाऊ लागले म्हणून अमेरिकेने 2015 मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा केला. मिठाचं तसं नाही. ते समुद्रातून आलं आणि विरघळून पाण्यातच गेलं.

कृती विचाराल तर सोपी आहे. दोन वाट्या बारीक मीठ, एक वाटी तेल. जाडं मीठ ओरखडे काढतं, म्हणून मिक्सरमधून एकदा फिरवून घ्यावं. खोबरेल घेतलंत तर थंडीत बरणीत दगड होईल, तीळतेल बरं. अंग ओलं करून हलक्या हाताने चोळायचं, आठवड्यातून एकदा पुरे. तोंडाला नको, खरचटलेल्या जागी नको, दाढी केलेल्या दिवशी तर मुळीच नको. आणि नंतर मोरी घासून घ्या. तेलावरून पाय घसरून पडाल तर कांती काय कामाची?

साठवणीबद्दल भाचीने इंग्रजीत बरंच वाचलं होतं. पाणी जाऊ देऊ नये, ओले हात घालू नयेत, काचेची बरणी घ्यावी, तेल खवट व्हायच्या आत संपवावं, वगैरे. ऐकता ऐकता मला हसू आलं. अगं, हे तर लोणच्याचं शास्त्र! मीठ, तेल, चिनीमातीची बरणी, कोरडा चमचा आणि कोरडा हात. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, हे शास्त्रज्ञांनी मोजलं. कोकणातल्या बाईला ते मृग लागला की न मोजता कळतं. तिची मिठाची बरणी पावसाळ्यात चुलीजवळ सरकते ती उगाच नाही. उटणंही तसंच: डब्यात कायम कोरडं, लागेल तेवढंच वाटीत कालवायचं, उरलेलं झाडाच्या बुंध्याशी.

तेव्हा लेबलवर परंपरा लिहायचीच असेल तर एवढीच लिही म्हटलं, की बरणी सांभाळायची रीत आजीच्या लोणच्याची आहे. ते शंभर टक्के खरं आहे आणि त्यात कुणाचा अपमानही नाही. मावशीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लोणच्याचं ठीक आहे, पण अंगाला नको." वाद मिटला असं काही म्हणता येणार नाही.

तुमच्याकडे उटण्यात काय काय घालतात? कुणाच्या घरी मीठ घालत असतील तर मला जरूर कळवा, म्हणजे वरचं सगळं पुन्हा तपासून पाहीन. :)