ओपाऊचे कोठार

पावसाळ्यात खताच्या पोत्याचा दगड होतो, हे आपल्याकडे कुणालाही सांगावे लागत नाही. पोते आपटायचे, ढेकळे फोडायची, कामाला लागायचे. जर्मनीतील ओपाऊच्या दुर्घटनेचा अभ्यास करू लागलो तेव्हा लक्षात आले, की तिचे मूळही अशाच एका ढेकळात आहे. फक्त तो साठा साडेचार हजार टनांचा होता.

ऱ्हाइनकाठी लुडविग्सहाफेनला लागून असलेल्या ओपाऊत बीएएसएफ कंपनीने १९१३ मध्ये हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याचा कारखाना सुरू केला. पहिल्या महायुद्धात त्याचा उपयोग दारूगोळ्यासाठी झाला. युद्ध संपल्यावर अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचे मिश्र खत येथून शेतीसाठी जाऊ लागले. ते प्रचंड कोठारांत सुटे साठवले जाई. हवेतला ओलावा शोषून आणि स्वतःच्याच वजनाखाली दबून हा ढीग घट्ट होई. कुदळीने पायथा खणावा, तर वरचा कडा कोसळून मजूर गाडले जाण्याची भीती. म्हणून ढिगात भोके पाडून डायनामाइटचे लहान सुरुंग लावण्याची पद्धत पडली.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या लोकांना मूर्ख ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ठरलेल्या प्रमाणातील मिश्रण स्फोट पावत नाही, असे प्रयोगांतून दिसले होते. असे सुमारे वीस हजार सुरुंग निर्धोक उडालेही होते. शिवाय हा उपाय मजुरांचा जीव वाचवण्यासाठीच योजलेला होता.

इशारा मात्र मिळाला होता. जुलै १९२१ मध्ये अप्पर सायलेशियातील क्रीवाल्ड येथे रेल्वेच्या वाघिणींत घट्ट झालेले अमोनियम नायट्रेट सुरुंगाने फोडताना स्फोट होऊन १९ जण मेले. पण तो माल जवळजवळ शुद्ध नायट्रेटचा होता, ओपाऊचा मिश्र.

२१ सप्टेंबर १९२१. सकाळी साडेसातच्या सुमारास ११० क्रमांकाच्या कोठारात नेहमीसारखे सुरुंग लावले गेले आणि लागोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. पाचशेहून अधिक माणसे गेली, सुमारे दोन हजार जखमी झाली. गावातील बहुतेक घरे पडली. आवाज तीनशे किलोमीटरवरच्या म्युनिकपर्यंत पोहोचला. साठ्याचा जेमतेम दहावा हिस्सा स्फोट पावला असावा, असा अंदाज आहे.

सुरुंग लावणारे कुणीच न उरल्याने नेमके कारण सिद्ध झाले नाही. मात्र त्या वर्षी खत वाळवण्याची रीत बदलली होती, हे पुढे उजेडात आले. ओलावा सुमारे चार टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आला. माल अधिक कोरडा आणि हलका झाला. ढेकूळ होऊ नये म्हणून जो कोरडेपणा हवा, त्यानेच हे मिश्रण सुरुंगाला अधिक संवेदनशील केले. ढिगात काही ठिकाणी नायट्रेटचे प्रमाण जास्त झाले असण्याचीही शक्यता मांडली गेली.

आता दाण्यांवर ढेकूळरोधक लेप देतात, साठा विभागून अंतराने ठेवतात आणि घट्ट ढिगाला सुरुंग लावणे निषिद्ध आहे. मला मात्र त्या वीस हजार सुरुंगांचा आकडा विसरता येत नाही. त्यांनी ग्वाही दिली होती ती जुन्या मालाची. कोठारातला माल बदलला होता. विश्वास तेवढा जुनाच राहिला.