शरणार्थी-साहाय्य (बांगलादेश, 1971)

पूर्व पाकिस्तानातून 1971 साली भारतात आलेल्या सुमारे एक कोटी लोकांच्या अन्न, निवारा व औषधोपचाराची सरकारी व्यवस्था, तिच्या खर्चासाठी बसविलेले कर, आणि शरणार्थी कोणास म्हणावे व त्याचा भार कोणी वाहावा यांविषयीचा वाद, यांचा या नोंदीत अंतर्भाव होतो.

25 मार्च 1971 च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने संहार आरंभिल्यावर लोकांचे जे लोंढे हद्द ओलांडू लागले, त्यांची वर्षअखेरची सरकारी गणना 98 लाख 99 हजारांवर गेली. त्यांपैकी सुमारे 75 लाख एकट्या पश्चिम बंगालमध्ये होते, आणि ज्या त्रिपुराची स्वतःची वस्ती त्या वर्षीच्या शिरगणतीप्रमाणे साडेपंधरा लाखांची, तेथे 14 लाखांहून अधिक लोक येऊन उतरले. छावण्या आठशेंवर उघडल्या गेल्या, तरी सुमारे तीस लाख लोक आप्तस्वकीयांच्या घरीच राहिले. त्यांना ज्यांनी आपल्या ताटातले वाढले, त्यांचा खर्च कोणत्याही दप्तरात नोंदलेला नाही.

अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी मे महिन्याच्या अंदाजपत्रकात या कामी 60 कोटी रुपयांची तरतूद केली होती. ती लवकरच अपुरी पडली आणि ऑगस्टमध्ये 200 कोटींची पुरवणी मागणी करावी लागली. परदेशांची मदत खर्चाच्या मानाने तोकडी, म्हणून टपाल, रेल्वेचे भाडे व देशांतर्गत विमानप्रवास यांवर जादा कर बसले. त्यांतील टपालाचा कर लोकांच्या विशेष स्मरणात राहिला. 15 नोव्हेंबर 1971 पासून पाच पैशांचे जादा तिकीट लावणे आवश्यक झाले. नवे तिकीट छापून होईतो कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरे उमटविली गेली, आणि कित्येक टपाल कचेऱ्यांनी रबरी शिक्क्यांवर निभावून नेले. ही वसुली 31 मार्च 1973 पर्यंत, म्हणजे बहुतेक शरणार्थी मायदेशी परतून वर्ष लोटेपर्यंत, चालू होती. सीमेवरच्या संकटाचा काही अंश कोकणातल्या चाकरमान्याच्या पत्रावरही पडावा, ही योजना प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटते.

कारण सीमेवरच्या गरिबाने त्याहून पुष्कळ अधिक सोसले. शरणार्थ्यांनी मजुरी करू नये असे सरकारी धोरण असले, तरी पोटाची निकड हुकुमाने आवरत नाही. ते कमी दराने राबू लागले, स्थानिक शेतमजुराची रोजी उतरली, धान्य व सरपण महागले. छावणीत फुकट शिधा मिळतो आणि कुंपणाबाहेर आपली पोरे उपाशी निजतात, हे पाहणाऱ्या भूमिहीनाची तक्रार द्वेषमूलक म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होय. तथापि तिचे निवारण शिधा बंद करण्यात नव्हते. पटकीची साथ पसरली तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेवाटे देण्याचे द्रव संपत आल्यावर साखर-मिठाचे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविले, आणि जेथे शंभरांत तीस दगावत तेथे मृत्यूचे प्रमाण चारांच्या आत आले; हा उपचार पुढे जगभर रूढ झाला.

वादाचे मूळ व्याख्येत आहे. 1951 च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट वा राजकीय मत यांपायी छळाच्या साधार भीतीने देश सोडतो तो शरणार्थी. भुकेपायी येणाऱ्या पोटार्थ्यास त्या कराराचे संरक्षण नाही. भारताने या करारावर सही केलेली नाही, परंतु हा भेद लोकव्यवहारात शिरलाच. पूर्व बंगालचा दक्षिण किनारा नोव्हेंबर 1970 च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त झाला होता. तेथल्या ज्या शेतकऱ्याचे पीक वादळाने नेले आणि घर चार महिन्यांनी सैन्याने जाळले, तो भयाने आला की भुकेने, हे कोणत्या कारकुनाने ठरवावे?

मार्च 1972 अखेर बहुतेक लोक परत गेले. त्यापूर्वीच्या दशकात आलेल्या व चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलपट्टीत, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील चामोर्शी-मुलचेरा भागात, वसविलेल्या बंगाली निर्वासितांची गोष्ट वेगळी. ते येथलेच झाले. आसामात मात्र हद्द ओलांडून येणाऱ्यांविषयीचा असंतोष 1979 पासून आंदोलनरूपाने उफाळला, आणि 15 ऑगस्ट 1985 च्या करारान्वये परकीय म्हणून हुडकून बाहेर घालवावयाच्या लोकांसाठी आगमनाची जी तारीख मुक्रर झाली, ती 25 मार्च 1971 हीच होती.